गाव रिकामं झालं का?

हे खरं घडलेलं आहे.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कोणाच्या मागे लागणार नाही. पण यातली माणसं माझी आहेत, सख्खी आहेत, आणि हा विषय निघाला की त्यांतला एक अजूनही पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत जातो.

आणि एक आधीच सांगते. ही रात्रीची गोष्ट नाही. सुनसान रस्ता नाही, कुत्र्यांचं रडणं नाही, पांढऱ्या कपड्यातली बाई तर नाहीच नाही.

बुधवार होता. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. सिनेमाच्या स्टुडिओत लख्ख दिवे लागले होते, पासष्ट माणसं हजर होती आणि त्यांतली निम्मी नुकतीच जेवल्यामुळे सुस्तावली होती.

तरीही...

ते आलं.

माझे मोठे मामा सिनेमासाठी गावं बनवायचे. खोटी, पण बघणाऱ्याला चक्रावून टाकतील इतकी खरी. कमरेएवढी घरं, बोटाच्या पेराएवढी कौलं, नखाएवढ्या कड्या. पुरात वाहून जायला, आगीत जळायला, भूकंपात कोसळायला. धंदाच असा की चार-चार महिने मान मोडून बांधायचं आणि नऊ सेकंदांत डोळ्यांदेखत मोडायचं.

हे काम त्यांना आजोबांकडून आलं होतं. आजोबांच्या डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका करवतीनं अर्धी नेली होती. उरलेल्या साडेनऊ बोटांत मात्र जादू होती. उगाच म्हणत नाही. मी लहानपणी त्यांनी बनवलेल्या एका सफरचंदाला चावले आहे.

आजोबांची कामाची एक पद्धत होती. घर बांधताना ते आत माणूस उभा करायचे. वीतभर उंचीची लाकडी बाहुली. कारण अगदी साधं. आत कोणी उभं असल्याशिवाय दार किती उंच, खिडकी कुठे, पायरी केवढी, याचं माप चुकतं. अशा एकतीस बाहुल्या त्यांनी स्वतः कोरल्या होत्या आणि प्रत्येकीला ओळखीतल्या कोणाचा तरी चेहरा दिला होता. आजी होती, माझी आई होती, आजोबांचे मित्र कॅमेरावाले काका होते, समोरच्या दुकानातला तिरसट शिंपी होता.

सगळ्या एका सपाट लाकडी पेटीत राहायच्या. पेटीला बरोबर एकतीस खण.

आणि शॉटच्या आधी सगळ्या बाहेर काढायच्या. हा नियम. पाणी सोडायच्या आधी आजोबा खणखणीत आवाजात विचारायचे, "गाव रिकामं झालं का?"

मोठे मामा बाहुल्या मोजून पेटीत ठेवायचे आणि म्हणायचे, "झालं."

मग आजोबा पेटीच्या झाकणावर दोनदा वाजवायचे. टक. टक.

त्यानंतरच गाव बुडायचं.

एकदा एका मोठ्या निर्मात्यानं हसत म्हटलं होतं, "लाकडाच्याच तर आहेत, बुडाल्या तर नव्या कोरा." आजोबा त्याच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. घरात चार महिने तंगी झाली, पण नाही बोलले.

आता खरं दुखणं सांगते.

त्या एकतीस बाहुल्यांत धाकटे मामा होते. निळा स्वेटर, जाड भिंगांचा चष्मा, एक मोजा खाली घसरलेला. दहा वर्षांचे असताना दिसायचे तसे, हुबेहूब.

मोठे मामा नव्हते.

त्यांनी एकदा विचारलं होतं म्हणे. सतरा-अठरा वर्षांचे असतील. विषय सहज निघाल्यासारखा करून विचारलं, "बाबा, माझी बाहुली कधी?" आजोबा कौलं रंगवत होते. मान वर न करता म्हणाले, "तू आत कशाला? तू बाहेर काढणारा."

बास. एवढंच.

हे वाक्य मोठ्या मामांनी तीस वर्षं मनात कुरवाळलं. धाकट्याला घर, मला हमाली, असा त्याचा अर्थ लावला.

त्यात धाकटे मामा शिकले कॉम्प्युटर. पूर, आग, भूकंप, सगळं खुर्चीत बसून करायला लागले. एसी ऑफिस, फिरणारी खुर्ची, स्वच्छ हात. मोठ्या मामांच्या नखांतलं प्लास्टर पाहुण्यांकडे जातानासुद्धा निघायचं नाही. आणि धाकट्यांच्या नखांना धूळ लागली तर ते टिश्यू शोधायचे. आधी कामं वाटून यायची. मग कमी झाली. मग मोठ्या मामांना फोन यायचा तो धाकट्यांचा नंबर विचारायला.

"बारक्याचं काय ते काम," मामा आईला म्हणायचे. "बटणं दाबतो आणि पाणी काढतो. त्या पाण्यात बुडाला तर कोणी ओलासुद्धा होणार नाही."

आई म्हणायची, "तुझ्या पोटात दुखतंय, दादा."

"दुखतंय," मामा म्हणायचे. लपवायचे नाहीत, हे त्यांचं एक बरं होतं.

आजोबा गेले त्या आजारपणात आठ महिने अंथरुणाला खिळून होते. आठही महिने मोठ्या मामांनी त्यांचं सगळं केलं. भरवलं, पुसलं, रोज संध्याकाळी पाय चेपले. आणि आजोबा रोज संध्याकाळी दाराकडे बघत विचारायचे...

"बारक्या आला का?"

धाकटे मामा रविवारी यायचे. तासभर बसायचे. त्या तासात आजोबा हसायचे.

हे सगळं सांगितलं, कारण त्याशिवाय त्या बुधवारी मामांनी जे केलं ते तुम्हाला कळणार नाही.

आजोबांना जाऊन चार वर्षं झाली होती. एका मोठ्या सिनेमात धरण फुटून गाव बुडतं असा प्रसंग होता. दिग्दर्शक बाई फार चोखंदळ. त्या म्हणाल्या, दोन्ही करून बघू. मोठा भाऊ खरं गाव बांधून खरं पाणी सोडेल, धाकटा तेच कॉम्प्युटरवर करेल. जे पडद्यावर खरं वाटेल ते घेऊ.

मामांच्या दृष्टीनं ही शेवटची संधी होती. आजोबांचा कारखाना चालू ठेवायचा की शटर ओढायचं, याचा निकाल लागणार होता. तोही धाकट्या भावाशी गाठ घालून.

चोवीस घरांचं गाव उभं राहिलं. पाच महिने लागले. मामा म्हणायचे, "घर लहान करता येतं, पाणी लहान करता येत नाही. थेंब आहे तेवढाच राहतो. म्हणून घरं मोठी लागतात, आणि कॅमेरा भलत्या वेगानं पळवावा लागतो. मग पडद्यावर पाणी संथ दिसतं, अवजड दिसतं."

गाव तयार झाल्यावर धाकटे मामा फोटो काढायला आले. त्यांना कॉम्प्युटरमध्ये तेच गाव बनवायचं होतं, बाईंची परवानगी होती. त्यांनी प्रत्येक घराला चारी बाजूंनी वाकून फोटो काढले. चोवीस नंबरच्या घरापाशी थांबले. कोपऱ्यातलं दुमजली घर. वरच्या खिडकीत निळा स्वेटर घातलेली बाहुली उभी होती.

"अरे, मी अजून आहे!" धाकटे मामा खूश होऊन म्हणाले. "दादा, बाबांनी काय केलाय रे माझा मोजा!"

मोठ्या मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरांचे फोटो काढून मलाच धंद्यातून उठवणार, आणि वर बाबांनी याचा मोजा कसा केला ते मला दाखवणार.

"झाले का फोटो?" ते म्हणाले. "मग नीघ."

बुधवार उजाडला.

वरच्या टाकीत पाणी भरलं. तीन कॅमेरे लागले. एकदाच होणारं काम, चुकलं तर पुन्हा पाच महिने. मामांनी धाकट्यांना निरोप पाठवला होता की शूटिंगला यायचं नाही, नजर लागते. धाकटे मामा खरंच आले नाहीत.

मामांनी एकेका घराची मागची फळी सरकवून बाहुल्या काढल्या. आजी. आई. शिंपी. मोजत गेले. एकोणतीस... तीस...

चोवीस नंबरच्या घरात त्यांनी हात घातला.

बोटांना स्वेटर लागला.

आणि त्यांनी हात बाहेर काढला. रिकामा.

असं का केलंत, असं आईनं त्यांना पुढे विचारलं. मामा म्हणाले, "काही ठरवलं नव्हतं गं. फक्त वाटलं, एकदा तरी त्याच्या नाकातोंडात पाणी जाऊ दे. खरं पाणी."

कॅमेरावाले काका आता म्हातारे झाले होते, पण आजोबांनंतर तो प्रश्न तेच विचारायचे. त्यांनी कॅमेऱ्यामागून हाक दिली, "गाव रिकामं झालं का?"

मामांनी पेटीचं झाकण लावलं.

"झालं," ते म्हणाले.

सगळीकडे शांतता पसरली. बाईंनी हात वर केला.

आणि तेवढ्यात...

टक.

टक.

मामांचे दोन्ही हात पाठीशी होते. पेटी त्यांच्यापासून चार पावलांवर टेबलावर होती.

काकांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढून मामांकडे पाहिलं. पेटीवर वाजवण्याची पद्धत आजोबांबरोबर संपली होती. चार वर्षांत कोणीच वाजवलं नव्हतं.

बाईंचा हात खाली आला. टाकीचं दार उघडलं.

नऊ सेकंद.

पाणी आलं, पहिली ओळ गेली, दुसरी गेली, चोवीस नंबरचं घर उचललं गेलं आणि फुटलं. टाळ्या पडल्या. बाई चक्क उड्या मारत होत्या. कोणीतरी मामांना मिठी मारली.

मामांचं लक्ष नव्हतं. ते पाण्यात उतरले होते. गुडघ्याएवढ्या चिखलात, फुटक्या कौलांत, हातांनी चाचपत. आता त्यांना बाहुली हवी होती. राग नऊ सेकंदांत वाहून गेला होता आणि मागे नुसती भीती उरली होती. दहा वर्षांचा पोर होता तो, चष्म्यातला. पाणी जाळीतून गाळून सोडलं, तरी सापडली नाही. चार वाजले, पाच वाजले. मामांनी धाकट्यांना फोन लावला.

"काय रे, बरा आहेस ना?"

"मला काय झालंय? शॉट कसा झाला?"

"झाला," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते पेटी न्यायला टेबलापाशी गेले. उचलली. नेहमीपेक्षा जड होती की नेहमीएवढीच होती, त्यांना कळेना. त्यांनी झाकण उघडलं.

आजी. आई. शिंपी...

शेवटचा खण भरलेला होता.

निळा स्वेटर. चष्मा. घसरलेला मोजा.

कोरडा. अगदी कोरडा.

सोमवारी सकाळी अकरा वाजता धाकट्यांचा फोन आला.

"दादा, तू जिंकलास."

मामांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"बाईंनी दोन्ही बघितले. म्हणाल्या, तुमच्या पाण्याला वजन नाही. तुझाच घेतलाय. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण दादा, काय केलंयस तू!"

मामा सांगतात की त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली चाळीस मिनिटं. म्हणजे फोन आला तिथपासून धाकट्यांच्या ऑफिसात पोचेपर्यंतची. कारण धाकट्यांनी पुढे म्हटलं होतं, "फक्त एका ठिकाणी तुझ्या कोणा माणसाचा हात आलाय. तो मी कॉम्प्युटरवर पुसतो. ये जरा, दाखवतो."

ऑफिसात थंडगार हवा. फिरत्या खुर्च्या. मामा उभेच राहिले.

धाकट्यांनी शॉट लावला. पाणी यायच्या जरा आधी चोवीस नंबरच्या खिडकीत काहीतरी हलतं. पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. अठ्ठेचाळीस फ्रेम.

"आता एकेक फ्रेम बघ," धाकटे मामा म्हणाले. त्यांचा आवाज जरा बदलला होता.

खिडकीच्या मागच्या अंधारातून एक हात आत आला. माणसाचा, मोठा, म्हातारा. शिरा वर आलेल्या.

डावा हात.

अनामिका अर्धी.

"दादा," धाकटे मामा म्हणाले, "तू बाबांचा हात बनवून आत का ठेवलास? गंमत म्हणून?"

"मी नाही बनवला."

"मग?"

पुढची फ्रेम. त्याच्या पुढची. हात खिडकीशी आला. बोटं उघडली. लहान मुलाला झोपेतून उचलताना आपण जसा हात घालतो, तसा तो त्या बाहुलीच्या पाठीमागून गेला. धाकट्यांनी चित्र मोठं केलं.

निळा स्वेटर.

एसीचा आवाज तेवढा येत होता.

"मी आत होतो?" धाकट्यांनी विचारलं.

"राहून गेलास."

"तू विसरलास? तू?"

मामा खाली बघत होते. धाकटे मामा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग हळूच म्हणाले, "बाबा आले, दादा. बघ ना. बाबा आले."

आणि इथे...

मामा म्हणतात, मला घाम फुटायला हवा होता. बाप मेल्यावर चार वर्षांनी त्याचा हात दिसतोय, माणसानं किंचाळावं. मला भीती वाटलीच नाही. मला फक्त एवढंच वाटलं, की आले ते पण याच्यासाठीच आले.

"आठ महिने मी पाय चेपले," ते म्हणाले. "चार वर्षं त्यांच्या खुर्चीशेजारी बसून काम केलं. एकदा खोकल्याचा आवाजसुद्धा आला नाही मला. आणि तुझ्यासाठी धावत आले."

"दादा, असं काय बोलतोस..."

"पूस."

"काय?"

"पुसायला बोलावलंयस ना मला? हात पूस. सिनेमात दिसायला नको."

"मला नाही पुसवत," धाकटे मामा म्हणाले. "आणि हात पुसला तर मी आतच राहीन."

"मग आधी स्वतःला पूस. हात निघून गेल्यावर खिडकी रिकामी आहे, तीच रिकामी खिडकी सगळीकडे चिकटव. एवढं तर तुझ्याकडून मीसुद्धा शिकलोय. आणि त्या हाताची एकही फ्रेम ठेवू नकोस. कुठेच."

मोठा भाऊ होता. धाकट्यांनी ऐकलं. आधी त्यांनी निळा स्वेटर पुसला. मग हात. कोपर गेलं, मनगट गेलं, बोटं गेली. अर्धी अनामिका सगळ्यात शेवटी गेली. मामा शेजारी उभं राहून बघत होते आणि त्यांना बरं वाटत होतं. हे त्यांनी स्वतः सांगितलंय.

तीन दिवसांनी पुन्हा फोन.

"दादा, तू स्वतःची बाहुली कधी बनवलीस?"

"नाही बनवली."

"खरं सांग."

"अरे नाही बनवली! तीस वर्षांत नाही बनवली. का?"



"मग खिडकीत कोण आहे?"

मामा गेले. धाकट्यांनी शॉट लावला. चोवीस नंबरचं घर. वरची खिडकी. जी रिकामी करून ठेवली होती, तिच्यात...

एक माणूस उभा होता.

जरा वाकलेला. चष्मा कपाळावर सरकवलेला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"मंगळवारी पुसला," धाकटे मामा म्हणाले. "काल परत होता. काल पुसला. आज सकाळी परत."

मामा पडद्याजवळ गेले. नाक लागेल इतके जवळ. नखांत प्लास्टर होतं. तेवढंसुद्धा केलेलं होतं. कोरणाऱ्यानं काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

मामांचे डोळे भरून आले. "बाबांनी मलाही केलं," ते म्हणाले. "बारक्या, बघ, मलाही केलं रे!"

धाकटे मामा हसले नाहीत.

"दादा," ते म्हणाले, "पुढे बघ."

शॉट पुढे सरकला. माणूस खिडकीत उभा होता. पाण्याचा आवाज वाढला. माणूस उभाच होता. मामा त्याच्या मागच्या अंधाराकडे बघत राहिले. आता येईल. आता मनगट दिसेल...

पाणी आलं.

घर उचललं गेलं आणि फुटलं.

हात आला नाही. येणार कसा? तो पुसलेला होता.

धाकट्यांनी मूळ शॉट उघडला, ज्याला कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. त्यातही हात नव्हता. निळा स्वेटर नव्हता. फक्त तो माणूस होता आणि पाणी होतं.

तेव्हा मामांना ते वाक्य आठवलं. तू आत कशाला? तू बाहेर काढणारा. ते मला म्हणाले, "बाबांनी सगळं गाव माझ्या हवाली केलं होतं गं. आणि मी त्याचं काय करून बसलो होतो."

सिनेमा आला. चालला. मामा थेटरात बसले होते, पुढच्या रांगेतला एक माणूस मित्राला म्हणाला, "ग्राफिक्स काय भारी आहे!" शेवटी नावं आली. धाकट्यांच्या नावाखाली बारीक अक्षरांत मामांचं नाव होतं, अर्धं थेटर रिकामं झाल्यावर. एरवी मामांनी आठवडाभर डोक्यात राख घालून घेतली असती. त्या दिवशी त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

खिडकीतला माणूस कोणाच्याच लक्षात आला नाही. आम्हाला मात्र दिसतो.

धाकट्या मामांनी फार प्रयत्न केले. कारखान्यात आजोबांच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा होता. त्यावरून त्यांनी कॉम्प्युटरवर हात बनवला, शीरन् शीर, अर्ध्या अनामिकेसकट. खिडकीत घातला. सकाळी बघितलं तर हात नाही. पुन्हा बनवला. पुन्हा नाही. दोन वर्षं झाली, अजून दर रविवारी बनवतात.

मोठे मामा त्यांना म्हणाले, "सोड, बारक्या. कॉम्प्युटरच्या हातानं मी बाहेर यायचा नाही. खरा हात लागतो."

मग मामांनी चोवीस नंबरचं घर पुन्हा बांधलं. अगदी तसंच. धाकटे मामा कारखान्यात आले, बाह्या वर केल्या, स्वच्छ नखांचा हात मागच्या फळीतून आत घातला आणि कोपऱ्याकोपऱ्यात चाचपलं.

"आत कोणी नाही, दादा," ते म्हणाले. आणि तिथेच खाली बसून लहान मुलासारखे रडले.

आता दोघं भाऊ रोज बोलतात. आईला याचा आनंद होतो. मला व्हायला हवा, पण होत नाही.

गेल्या महिन्यात मी मामांकडे गेले होते. दुपारची वेळ. बाहेर टळटळीत ऊन. मामा टीव्हीसमोर स्टुलावर बसले होते, पेटी मांडीवर. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"ये," ते म्हणाले. "बस. बघ जरा, मला एकट्यालाच वाटतंय का."

त्यांनी शॉट लावला. चोवीस नंबर. खिडकी. तो उभा होता, वाकलेला, चष्मा कपाळावर.

दर वेळी त्याचे हात खाली असायचे. मी शंभरदा पाहिलंय, शपथेवर सांगते. हात खालीच असायचे.

या वेळी...

उजवा तळहात खिडकीच्या काचेला टेकलेला होता. आतून.

मामा पडद्याकडे झुकले. आणि अगदी हळू आवाजात, पण आजोबांच्याच धाटणीनं त्यांनी विचारलं, "गाव रिकामं झालं का?"

याचं उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे. एक शब्द आहे. मी म्हणायला तोंड उघडलं.

मला म्हणवलं नाही.

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पाणी आलं. घर गेलं. मग त्यांनी शॉट पुन्हा पहिल्यापासून लावला, आणि आम्ही दोघं त्याच्या मागच्या अंधाराकडे बघत बसलो.